मदुराईच्या पुढचा रस्ता

आमच्या सासरी गाडी रिकामी नेणं हा गुन्हा समजतात. कुणी दवाखान्यात निघालं तरी 'गाडी जातीयच तर' म्हणून मागं डाळिंबाचा क्रेट चढतो, एखादी चुलत नणंद चढते, आणि वाटेत दोन घरी चहा घेतल्याशिवाय दवाखाना काही येत नाही. मूळ गाव सांगोल्याकडचं. एसटीची वाट बघण्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांना चार चाकं दिसली की राहवत नाही, हे मी समजू शकते. लग्नाला इतकी वर्षं झाली, मलाही सवय झाली होती. पण सायकल घेताना मला वाटलं, हिला मागची सीट नाही, डिकी नाही, तेव्हा ही तरी माझी एकटीची राहील.

मी सोलापुरात एका सरकारी कचेरीत कालव्यांचे नकाशे काढते. पूर्वी शाईनं काढत होते, आता संगणकावर. मोजणीवाले रानोमाळ हिंडतात, त्यांचे आकडे माझ्या टेबलावर येतात आणि मी रेघा ओढते. दुसऱ्यांनी चाललेल्या वाटा खुर्चीत बसून काढायच्या, असं हे काम. त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त रेघा ओढून ओढून एक गोष्ट अंगात मुरली आहे. कालव्याची रेघ मध्ये तुटली की पुढचं सगळं कोरडं. मागचा भाग कितीही सुबक काढलेला असो, त्याला काही अर्थ राहत नाही.

मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि तिची सायकल जिन्याखाली धूळ खात पडली. एक दिवस रिक्षा मिळेना म्हणून तीच काढून मी कचेरीत गेले. सात रस्ता चौकापर्यंत धाप लागली, पण उतरले नाही. मग रोज जायला लागले. मग पहाटे विजापूर रोडनं थोडं पुढं, अजून थोडं पुढं, असं करत एका रविवारी थेट मंद्रूपला पोचले. मंद्रूप माझं माहेर. आई अंगणात तुरी पाखडत बसली होती. मला घामाघूम बघून तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "भांडून आलीस का?" मी नाही म्हटलं. तरी ऊन कलल्यावर मी परत निघेपर्यंत ती आडून आडून विचारतच राहिली. बाई एवढ्या लांब सायकलवर आली, तर भांडल्याशिवाय कशी येईल?

पुढं चांगली, गिअरची सायकल घेतली. तुळजापूरचा घाट चढले, अक्कलकोट झालं, विजापूरला जाऊन त्याच दिवशी परत आले. शहरात सकाळी सायकल चालवणाऱ्यांचा एक घोळका आहे. कुणी डॉक्टर, कुणी यंत्रमागवाले, सगळ्यांच्या मनगटावर हृदयाचे ठोके दाखवणारी घड्याळं. त्यांच्यात मी एकटीच बाई. त्यातला एकजण एकदा सहज म्हणाला, की हा विजापूर रोड तसाच धरून गेलं तर खाली कन्याकुमारी येते. तो म्हणून विसरला, मला मात्र ते लागून राहिलं. कन्याकुमारीच का, असं मला पुढं सगळ्यांनी विचारलं. मी काहीबाही सांगायचे. खरं कारण असं, की तिथं जमीन संपते. तिथून 'आणखी जरा पुढं जाऊन येऊ' असं कुणाला म्हणता येत नाही. माझ्या दारापासून त्या पाण्यापर्यंत एक रेघ असावी, सलग, माझ्या पायांनी ओढलेली. मध्ये कुठं तुटलेली नको. एवढंच मला हवं होतं.

घरी सांगताना मी मोठ्या भांडणाच्या तयारीनं बसले होते. भांडण झालंच नाही. नवरा म्हणाला, "जा की. मी कुठं नको म्हणतोय?" तो एका पतसंस्थेत मॅनेजर आहे. माणूस वाईट नाही. वाईट असता तर हे सगळं सोपं झालं असतं. "फक्त गाडी मागं असू दे," तो म्हणाला. "परका मुलूख. पंक्चर झाली, चक्कर आली, मग?"

"पंक्चर मला काढता येतं."

"येतंय की. पण लोक मला काय म्हणतील? बायकोला एकटी सोडून दिली म्हणतील."

गाडी मागं असली तरी पाय माझेच असणार, असा विचार करून मी हो म्हटलं. एवढीशी फट ठेवली, आणि तिच्यातून सगळं घराणं आत आलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी देवघरातून तांब्याचा गडू बाहेर काढला. तोंड डाख लावून बंद केलेला, बाहेरून हिरवट पडलेला. मुलगी लहान असताना सासू-सासरे काशीला जाऊन आले होते, तेव्हाची गंगा त्यात होती. काशीची गंगा रामेश्वरला नेऊन वाहिली की यात्रा पुरी होते, तोवर ती अर्धीच. पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ म्हणता म्हणता सासरे गेले आणि गडू देवांच्या मागं राहून गेला. सासूबाई रोज त्याला हळदकुंकू वाहायच्या. कुणाला कधी काही म्हणाल्या नव्हत्या.

"गाडी जातीयच हाय तर," त्या म्हणाल्या, "रामेसर काय लांब हाय तितनं?"

नकाशे माझ्या रोजच्या हाताखालचे, त्यामुळं रामेश्वर किती लांब आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. मदुराईला रस्ता फुटतो. एक सरळ खाली कन्याकुमारीला जातो, दुसरा डावीकडं रामेश्वरला. मी तिथल्या तिथं बोलून घेतलं. मदुराईपर्यंत सगळे बरोबर. तिथून तुम्ही गाडी घेऊन रामेश्वरला जा, मी माझी सायकलवर पुढं होते, कन्याकुमारीला भेटू. नवरा म्हणाला, "हां, तसंच की." सासूबाई म्हणाल्या, "व्हय व्हय." आमच्या घरात इतक्या पटकन कुणी कशाला हो म्हणत नाही, पण मी तेव्हा खुशीत होते. निघायच्या आदल्या दिवशी वेळापूरची आत्या, म्हणजे नवऱ्याची विधवा आत्या, पिशवी घेऊन दारात हजर झाली. तिचे गुडघे गेलेले. पण गाडीत जागा होतीच.

मार्गशीर्षात निघालो. सकाळी गल्लीतल्या बायका पाया पडायला आल्या, त्या सासूबाईंच्या. यात्रेला निघालेल्या माणसाच्या पाया पडतात. मी हेल्मेटचा पट्टा आवळत बाजूला उभी होते. एकीनं जाता जाता मला सांगितलं, "सासूबाईंना जपून न्या हं." गाडीत शेगडी चढली, कडक भाकऱ्यांची चळत चढली, शेंगाचटणीचा डबा, आत्याचं गुडघ्याचं तेल, आणि मधल्या सीटवर दोघींच्या मध्ये गडू, अंगाला शाल गुंडाळून.

गाडी पुढं जायची आणि एखाद्या देवळापाशी थांबायची. मग फोन यायचा, "जरा आत आहे रस्ता, ये." कर्नाटकात देवळांना तोटा नाही आणि बरीचशी देवळं जरा आत आहेत. मी नाही आले तर म्हणायचे, सून मागं राहिली, तिला सोडून दर्शन कसं घ्यायचं? आणि खरोखर घ्यायचे नाहीत. उन्हात पायरीवर उपाशी बसून राहायचे. दोन म्हाताऱ्या माझ्यासाठी उपाशी बसल्या आहेत हे कळल्यावर सायकल पुढं हाकायला जो निगरगट्टपणा लागतो तो माझ्यात नव्हता. मी वळायचे, दर्शन घ्यायचे, प्रसादाचं खायचे आणि पुन्हा मोठ्या रस्त्याला लागायचे.

संध्याकाळी लॉजवर आत्या माझ्या पोटऱ्यांना तेल चोळायची. स्वतःला जिना चढवत नाही, पण माझे पाय मांडीवर घेऊन बसायची. सासूबाई संत्री सोलून हातात द्यायच्या. "लई वाळलीस गं," म्हणायच्या. मला त्या मायेचा राग यायचा. राग येतो म्हणून लाज वाटायची, आणि लाज वाटते म्हणून आणखी राग यायचा. नवरा बाहेर गॅलरीत फोनवर कुणाकुणाला सांगत असायचा, "आज विजापूर सोडलं आम्ही." "आज कृष्णा ओलांडली आम्ही." कृष्णेच्या पुलावर वारा समोरून होता आणि मी एकटीच पायडल मारत होते, हे त्याला आठवतही नसे.

एक दुपार मात्र मला मिळाली. होस्पेटला त्यांना हंपी बघायची होती, सबंध दिवस जाणार होता. मी म्हटलं, मी पुढं होते. तिथं चालायला फार आहे, आत्याच्या गुडघ्यांचं काय करायचं या काळजीत नवरा होता, त्यामुळं त्याच्या तोंडून 'बरं' निघून गेलं. चित्रदुर्गाच्या बाजूला रस्ता चढत जातो, डोंगरांच्या कडेला पवनचक्क्या फिरत असतात. मागं गाडी नाही, पुढं गाडी नाही. एका टपरीवर चहाला थांबले. टपरीवालीनं कानडीत विचारलं, एकट्याच का? मंद्रूपात निम्मं गाव कानडी बोलतं, मला ती भाषा येते. "हौद्री," मी म्हटलं. होय. तिनं मान हलवली, गाळणी आपटली आणि तुमच्याकडं पाऊस कसा झाला ते विचारलं. भांडून आलात का, मालक कुठं आहेत, मुलं किती, काही नाही. पाऊस कसा झाला, एवढंच.

त्या चहानंतर मी किती वेळ चालवत होते मला सांगता येणार नाही. डोक्यात कुणाच्या औषधाची वेळ नव्हती, कुणाचा उपास नव्हता, गॅसवर दूध नव्हतं. श्वास आणि रस्ता, दुसरं काही नाही. मी मोठ्यानं गाणंही म्हटलं, शाळेतलं, निम्मे शब्द विसरलेलं. सुख म्हणतात ते मला त्या दुपारी मिळालं, आणि ते मिळण्यासाठी घरातून इतक्या लांब यावं लागलं याचं वाईटही तेव्हाच वाटलं. अंधार पडायच्या आत गाडी आली. सासूबाईंनी काच खाली करून विचारलं, "भ्या न्हाई ना वाटलं?"

बेंगळुरूची गर्दी मी मुकाट्यानं पार केली. सेलमच्या पुढं ऊन असं लागलं की हेल्मेटखाली मिठाचे थर बसायचे. पायाची नखं काळी पडली. बसताना त्रास व्हायचा, तो कुणाला सांगण्यासारखा नव्हता. पण एक वीतही मी गाडीत बसून गेले नव्हते. देवळात जायला वळले तर मोठ्या रस्त्यावर पुन्हा त्याच जागी येऊन लागले होते. मदुराईच्या वेशीत शिरले तेव्हा रेघ सलग होती. उद्यापासून मी एकटी, या विचारानं पाय आपोआप हलके पडत होते.

लॉजवर अंघोळ करून बाहेर आले, तर पलंगावर माझी हिरवी इरकल घडी मोडून ठेवलेली. शेजारी तिचा ब्लाउज, परकर, हिरव्या बांगड्या, आणि नवऱ्याचं धोतर-उपरणं. क्षणभर मला काही उमजेना. ती साडी सोलापुरात माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात असते. मी ती बॅगेत भरली नव्हती.

"उद्या लागंल की," सासूबाई म्हणाल्या. "गंगा जोडीनं वाहावी लागती. मला कुटं चालतंय आता? मालक न्हाईत. ल्योक-सून बसाय पायजेत."

म्हणजे हे सोलापुरातच ठरलं होतं. तुम्ही रामेश्वरला जा, मी पुढं होते, कन्याकुमारीला भेटू, हां तसंच की, व्हय व्हय, हे बोलणं चाललं होतं तेव्हा ब्लाउज शोधून झाला असेल. बांगड्या आणून झाल्या असतील. कृष्णेच्या पुलावर, चित्रदुर्गाच्या चढावर, सेलमच्या उन्हात ही साडी शेगडीखालच्या बॅगेत माझ्याबरोबर येत होती, आणि ते मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. पोटऱ्यांना तेल चोळणाऱ्या आत्यालाही.

मी नवऱ्याला गॅलरीत गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"अगं, आधी सांगितलं असतं तर तू चिडली असतीस."

"मी एकटी निघाले असते."

"म्हणूनच," तो म्हणाला. मग जरा नरमला. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. परत इथंच आणून सोडतो. चाक जिथं थांबलंय तिथनं सुरू कर की. कोण अडवतंय?"

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या रागावल्या नव्हत्या, मला समजावत होत्या. "तुजी सायकल काय, पुन्यांदा बी व्हईल. माजं काय हाय? आज हाय, उद्या न्हाय."

ते खोटं नव्हतं. अर्धी राहिलेली गोष्ट इतकी वर्षं देवघरात ठेवून तिला रोज कुंकू लावणं म्हणजे काय, हे त्या घरात माझ्याइतकं कुणाला कळत असेल असं मला वाटत नाही. मला त्यांची अर्धी गोष्ट कळली. माझी त्यांच्यापैकी एकालाही कळली नाही. हा सल आहे, आणि तो मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

रामेश्वरला देवळातल्या कुंडांवर बादल्या बादल्या पाणी अंगावर घेतलं. ओली इरकल पायात घोटाळत होती, काळ्या नखांना ठेचा लागत होत्या. मोडकं मराठी बोलणाऱ्या भटजींनी नवऱ्याच्या उपरण्याला माझ्या पदराची गाठ मारली. डाख फोडून गडू उघडला. पाणी अजून स्वच्छ होतं, सासूबाईंनी ते सगळ्यांना दाखवलं. मग त्या खांबाला टेकून रडल्या. सासऱ्यांचं नाव घेऊन, लहान मुलीसारख्या हुंदके देऊन रडल्या. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. ते रागाचं होतं. भटजींना ते भक्तीचं वाटलं आणि त्यांनी नवऱ्याला सांगितलं, बायको पुण्यवान मिळाली. नंतर समुद्रावर वाळूची पिंड करून पूजा झाली, आणि त्यातली वाळू रिकाम्या गडूत भरून घेतली. ती मग प्रयागला नेऊन गंगेत सोडायची असते.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. रामनाथपुरमच्या चौकात मदुराईचा रस्ता उजवीकडं जातो. गाडी डावीकडं वळली.

"मदुराई इकडं आहे," मी म्हणाले.

"किनाऱ्यानं थेट कन्याकुमारीला रस्ता आहे," नवरा म्हणाला. "मदुराई उलटं पडतंय. रजा संपत आलीय, आत्याचा गुडघा बघ कसा सुजलाय. मधला एक तुकडाच तर राहतोय. एवढं सगळं केलंस, केल्यासारखंच आहे ते."

"गाडी थांबवा."

त्यानं थांबवली. "उतरतेस?" त्यानं विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं. मी मागं पाहिलं. सायकल कॅरिअरला उलटी बांधलेली होती आणि तिच्यावर आत्याचं लुगडं वाळत घातलं होतं. आत्या तोंड उघडं टाकून झोपली होती. सासूबाई गडू मांडीवर घेऊन खिडकीतून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेली शांतता होती. "आता जीव कवाबी गेला तरी चालंल," त्या कुणाला तरी उद्देशून म्हणाल्या. अशा गाडीत भांडण कसं उभं करायचं? लुगडं सोडायचं, सायकल उतरवायची, उन्हात उभं राहून त्या माउलीच्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवशी आरडाओरडा करायचा. मी पुष्कळ वेळ दाराच्या कडीवर हात ठेवून बसले. मग "चला" म्हणाले.

कन्याकुमारी जवळ आल्यावर नवऱ्यानं एका पेट्रोल पंपावर गाडी लावली आणि मला कपडे बदलून यायला सांगितलं. "इथनं चालवत ये. मी पुढं थांबून व्हिडिओ काढतो." मी बदलून आले. हेल्मेट घातलं, सायकल उतरवली, लुगडं घडी करून आत्याला दिलं. समुद्र दिसायला लागला तेव्हा नवरा मोबाइल धरून रस्त्याच्या कडेला उभा होता. पहिल्या वेळी मध्ये बस आली. "परत मागं जा," तो म्हणाला. मी मागं जाऊन परत आले. दुसऱ्या वेळी हात वर करायला सांगितलं होतं, तो मी केला.

पाण्यापाशी उभी राहिले. जमीन संपत होती हे खरं. मला काहीही वाटलं नाही. शेजारी कुणीतरी शेंगदाणे विकत होतं, सासूबाई पाण्यात पाय बुडवत होत्या आणि नवऱ्याच्या मोबाइलवर घरच्या ग्रुपवरचे अंगठे आणि हात जोडलेली चित्रं येऊन पडत होती. 'सोलापूर ते कन्याकुमारी सायकलवर' असं त्यानं लिहिलं होतं. मी म्हटलं, हे खरं नाही. तो म्हणाला, "कोण मोजायला बसलंय?"

मी बसले होते.

सोलापुरात आलो तर कोपऱ्यावर माझ्या हात वर केलेल्या फोटोचा फलक लागलेला. सकाळच्या घोळक्यानं विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं, की मदुराईच्या पुढं मी गाडीतून गेले. ते चांगले लोक आहेत. "जवळजवळ झालंच की मग," म्हणाले, आणि पुढं निघाले. नवऱ्याच्या कानावर गेल्यावर तो दोन दिवस धुसफुसत होता. लोकांना नसती माहिती द्यायची गरज काय होती, असं त्याचं म्हणणं. फलक काढा म्हटलं तर म्हणाला, राहू दे, पावसात जाईल.

मग मावंदं आलं. यात्रा पुरी करून आलेल्यांच्या नावानं घालायचं ते जेवण. सांगोल्याहून सगळे आले, टेम्पो भरून. अंगणात मांडव घातला. सासूबाई आणि आत्या पाटावर बसल्या, मध्ये वाळूचा गडू, त्याला हार. सुनेनं पाय धुवायचे असतात. मी परातीत त्यांचे पाय धुतले, पुसले, हळदकुंकू लावलं. माझ्या पायाची दोन नखं तोवर गळून पडली होती. ओळीनं सगळे सासूबाईंच्या पाया पडले. पोरांनी त्यांना विचारलं, लई लांब होतं का? "लांब तर हाय," त्या म्हणाल्या. "पर काय कळलं न्हाई. बसल्या जागी गेलो की." सगळे हसले. एक म्हातारी चुलतसासू मला बघून म्हणाली, "तू बी गेलतीस न्हवं? मग बस की गं पाटावर." मी म्हटलं, तव्यावर पोळी आहे, आणि आत गेले. पोळी खरंच तव्यावर होती.

जेवणं उरकल्यावर सगळे मांडवात पान खात बसले. नवरा खुशीत होता. "आता ही वाळू प्रयागला पोचवायची राहिली," तो म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "यंदा उत्तरेकडं काढ की सायकल. प्रयाग, तिथनं काशी. रस्ते झक्कास झालेत म्हणतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. सांगोल्याच्या दोघांनी तिथंच सांगून टाकलं की आपणही येणार.

मी हात पुसत उभी होते. "मला मदुराईला जायचंय," मी म्हणाले. इतक्या माणसांत मी सहसा बोलत नाही, त्यामुळं आवाज जरा चढला. "रेल्वेनं सायकल नेणार, मदुराईला उतरणार, तिथून कन्याकुमारीपर्यंत चालवणार आणि परत येणार. एकटी."

सासूबाईंनी तोंडातलं पान एका गालात सरकवलं आणि माझ्याकडं पाहिलं. त्यांना खरोखर कळलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत काळजी होती.

"तितं काय राह्यलंय आता?" त्या म्हणाल्या. "सगळं झालं की."

"दमलीय ती," नवऱ्यानं पाहुण्यांना सांगितलं.

मग दिवाळीनंतरचा बेत ठरला. माणसं वाढली म्हणून मोठी गाडी सांगायची ठरली. सायकल बरोबर घ्यायची की नाही, ते माझं मी बघावं, असं सगळ्यांनी मोठ्या मनानं सांगितलं.